जुनं सामान विकताना पैसे खरंच आले का, हे कसं पाहायचं

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा दोन महिन्यांत सगळी बिऱ्हाडं हलवायची होती. चाळीस वर्षांचा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत मावणार नव्हता. जिन्यात रोज कुणाचं ना कुणाचं सामान विकायला निघालेलं असायचं: सागवानी पलंग, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, घरघंटी. भंगारवाला असल्या वस्तूंना किलोचा भाव देतो, म्हणून बहुतेकांनी फोटो काढले आणि ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर, नाहीतर आसपासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले.

पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या खात्यातून ३४,००० रुपये गेले. त्यांनी जेवणाचं टेबल ८,५०० रुपयांना काढलं होतं. टेबल जागेवरच राहिलं. मी बँकेत काउंटरवर बरीच वर्षं काढलेली, म्हणून ते पासबुक घेऊन माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य बोलले ते असं: "मी तर पैसे घेणार होतो गं. देणार तो होता. मग माझे कसे गेले?"

काकांसारखा हिशेबी माणूस, वीजबिलातली तीन रुपयांची चूक पकडणारा. त्यामुळे भोळेपणा, अडाणीपणा असल्या शब्दांनी हा विषय मला समजावता येत नाही. विकणारा माणूस पैसे येण्याची वाट पाहत असतो, आणि त्या घाईत येणं आणि जाणं यांची दिशा त्याच्या नकळत फिरवली जाते. ही दिशा कुठे कुठे फिरवतात आणि प्रत्येक ठिकाणी आपण काय करायचं, ते मी खाली क्रमाने लिहिते आहे.

जाहिरात टाकण्याआधी

ज्या खात्यात पेन्शन, पगार किंवा ठेवीचं व्याज येतं ते खातं या कामाला वापरू नका. किमान शिलकीची अट नसलेलं एक वेगळं बचत खातं उघडा, त्यात पाचशे-हजार रुपये ठेवा, आणि विक्रीचे पैसे घ्यायचा यूपीआय आयडी त्याच खात्याला जोडा. पैसे जमा झाले की त्याच दिवशी ते मुख्य खात्यात हलवायचे. काकांच्या बाबतीत एवढं एक केलेलं असतं तर फार तर हजार रुपये गेले असते. या खात्यावर यूपीआय लाइट चालू करू नका, कारण लाइटमधल्या छोट्या रकमा पिन न विचारता जातात. ॲपमध्ये किंवा बँकेकडे रोजची मर्यादा कमी करण्याची सोय असेल तर तीही खाली आणून ठेवा.

यूपीआय आयडी तयार करताना त्यात मोबाइल नंबर येणार नाही असा निवडा. बहुतेक ॲपमध्ये दुसरा आयडी बनवता येतो.

आता एक गैरसमज. खातं क्रमांक आणि आयएफएससी कोड दिला म्हणून कुणाला आपल्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. आपण दिलेल्या प्रत्येक चेकवर हे दोन्ही छापलेले असतात. पैसे घ्यायला यूपीआय आयडी किंवा हे दोन आकडे पुरतात. याच्यापलीकडे समोरच्याने काहीही मागितलं, म्हणजे कार्डाचा फोटो, मुदत संपण्याची तारीख, मागचे तीन आकडे, ओटीपी, पिन, नेट बँकिंगचं नाव, तर पैसे पाठवायला त्यातलं काहीच लागत नाही हे लक्षात ठेवा.

फोटोत मागे काय दिसतं ते बघून घ्या. दारावरची पाटी, भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचं वीजबिल, गाडीचा नंबर. जाहिरातीत विभाग लिहा, "नौपाडा" किंवा "कोपरखैरणे, सेक्टर अमुक" इथपर्यंत. विंग आणि फ्लॅट क्रमांक बघायला येणाऱ्याला फोनवर सांगता येतो. शेवटी एक ओळ लिहा: "वस्तू प्रत्यक्ष पाहून, जागेवर पैसे. टोकन, ॲडव्हान्स नको." टोकन नाकारणारा विक्रेता बघून निम्मे भामटे फोनच करत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पहिला फोन

खरं घेणारा काय विचारतो ते आमच्या जिन्यात मी दोन महिने ऐकलं. "लिफ्ट आहे का?" "टेम्पो आत येईल का, की रोडवर लावायचा?" "कपाटाला चावी आहे का? आतला आरसा?" आणि हमखास, "कमी किती करणार?" ठाण्या-नवी मुंबईत जुना सोफा घासाघीस न करता घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

काकांना आलेल्या फोनवर यातलं काहीच नव्हतं. जाहिरात टाकून दहा मिनिटं झाली नव्हती. "टेबल मला पसंत आहे, किंमत मंजूर आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी आत्ता पैसे पाठवतो, संध्याकाळी माझा माणूस टेम्पो घेऊन येईल." बोलणारा स्वतःला निमलष्करी दलातला अधिकारी म्हणवत होता, नवीन बदली होऊन आलेला. ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातला फोटो पाठवला. ही ओळखपत्रं चोरलेली किंवा बनवलेली असतात. गणवेशाबद्दल आपल्या मनात जो आदर असतो त्याचाच वापर इथे होतो, आणि मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त चीड याची येते. लष्कराच्या खात्यातून पैसे "वेगळ्या पद्धतीने" येतात, आधी आपण पाठवायचे आणि मग दुप्पट परत येतात, असली कोणतीही पद्धत भारतातल्या कोणत्याही बँकेत नाही.

भाषेवरून मात्र ओळखायला जाऊ नका. उत्तम मराठी बोलणारे भामटे आहेत, आणि तोडकं मराठी बोलणारे सरळ गिऱ्हाईकही आहेत.

फोनवर तुम्ही एवढंच करायचं: "या, वस्तू बघा, आवडली तर जागेवर पैसे द्या," असं म्हणायचं आणि थांबायचं. येणारा वेळ विचारतो. न येणारा कारणं सांगतो, मग घाई करतो, मग रागावतो. "मी पैसे द्यायला तयार आहे आणि तुम्ही माझ्यावर संशय घेता?" हे वाक्य आलं की फोन ठेवा. नंबरबद्दल शंका असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित शोधण्याची सोय आहे. तिथे फोन नंबर किंवा यूपीआय आयडी टाकला की त्यावर आधी तक्रार नोंद आहे का ते कळतं. नोंद सापडली नाही म्हणून माणूस चांगला असं मात्र धरू नका. हे लोक नंबर भराभर बदलतात.

पैसे घेताना पिन लागत नाही

काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

त्या माणसाने आधी खरोखरच ५ रुपये पाठवले. "बघा, आले का?" आले होते. विश्वास बसला. मग त्याने व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड पाठवला आणि सांगितलं, "हा स्कॅन करा, रक्कम ८,५०० टाका आणि पिन टाका, म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील." काकांनी टाकला आणि ८,५०० गेले. "अरे, चुकून उलटं झालं, परत करतो, पुन्हा स्कॅन करा," म्हणत त्याने तेच आणखी तीन वेळा करून घेतलं. प्रत्येक वेळी काका पुढचे पैसे देत नव्हते, गेलेले परत मिळवत होते. म्हणूनच ते थांबू शकले नाहीत.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून नियम एकच आहे. पिन म्हणजे आपल्या खात्यावरची आपली सही. सही पैसे देताना लागते, घेताना लागत नाही. शिल्लक बघताना पिन टाकावा लागतो, पण तो आपण स्वतःहून बघतो, कुणाच्या सांगण्यावरून नाही. काही ॲपमध्ये आता पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहराही चालतो, आणि तीही सहीच आहे. क्यूआर कोड नेहमी देणाऱ्याने स्कॅन करायचा असतो. भाजीवाल्याकडे कोड त्याचा असतो आणि स्कॅन आपण करतो, आठवून बघा. विकताना आपण त्या भाजीवाल्याच्या जागी आहोत. कोड आपला हवा आणि फोन त्याचा.

याच चालीची आणखी काही रूपं आहेत. पूर्वी "पैसे मागण्याची विनंती" पाठवून फसवायचे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या विनंत्या मात्र चालू आहेत, त्यामुळे एखाद्या दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावाने विनंती येऊ शकते. दुसरं रूप ऑटोपेचं: एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या वजावटी पिन न विचारता होऊ शकतात. आपल्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून बघा आणि ओळखीची नसलेली मंजुरी रद्द करा. तिसरं रूप मला सर्वांत धूर्त वाटतं. "तुमचा टोकन कोड २४,९९९ आहे, तो चौकटीत भरा," असं सांगतात, आणि ती चौकट रकमेची असते.

पिनचा पडदा उघडला की हात थांबवा आणि वर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. तिथे रक्कम आणि कुणाला चालली आहे त्याचं नाव दोन्ही असतं. फोन कानाला लावून हे वाचता येत नाही, म्हणून भामटा फोन ठेवूच देत नाही. बँकेचं ॲप उघडायचं तर आधी फोन ठेवायचा, एवढी सवय घरातल्या सगळ्यांना लावा. फोन चालू असताना "स्क्रीन दाखवा", "हे ॲप टाका, मी मदत करतो" असं कुणी म्हटलं, किंवा पावती म्हणून एपीके नावाची फाइल पाठवली, तर ती उघडू नका. अशा फाइलमधून आलेलं ॲप तुमचे संदेश आणि त्यातले ओटीपी वाचू शकतं.

"पाठवले" आणि "जमा झाले"

घेणारा खरा दारात आला, वस्तू आवडली, भाव ठरला. आता तो फोन पुढे करतो आणि हिरवी खूण दाखवतो. ती खूण बघून सामान देऊ नका. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी बनावट ॲप आहेत, त्यात नाव आणि रक्कम हवी ती भरता येते. जुन्या व्यवहाराच्या फोटोवरची तारीख बदलणं तर त्याहून सोपं.

मोबाइलवर आलेला संदेशही पुरावा नाही. बँकेचा संदेश दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, बँकेच्या ठरलेल्या अक्षरी नावाने येतो. २०२५ पासून या नावांच्या शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं: सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी, जाहिरातीसाठी पी, सरकारी संदेशासाठी जी. "तुमच्या खात्यात ८,५०० जमा" हा मजकूर कुणाच्या साध्या नंबरवरून आला असेल तर तो त्या माणसाने स्वतः टाइप केलेला आहे.

मग बघायचं कुठे? आपलं बँकेचं ॲप आपण उघडायचं, खात्याचा उतारा काढायचा आणि तीन गोष्टी जुळवायच्या: रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो. त्याच्या फोनवरचा आणि आपल्या उताऱ्यातला क्रमांक एकच हवा. घरात नेटवर्क नसेल तर गॅलरीत जा, खाली जा, पण बघा. वयस्कर मंडळींना ॲप जमत नसेल तर मुलाला किंवा मुलीला फोन करून त्यांच्याकडून बघून घ्या, आणि तोवर गिऱ्हाइकाला चहा द्या. खऱ्या गिऱ्हाइकाला दहा मिनिटांचा राग येत नाही.

"एनईएफटी केलंय, उद्या जमा होईल," असंही ऐकायला मिळतं. एनईएफटी ही एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची सोय डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू असते आणि दर अर्ध्या तासाने तिची फेरी निघते. रविवारी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आयएमपीएस ही तशीच दुसरी सोय, त्यात तर लगेच जमा होतं. तेव्हा अशा माणसाला म्हणायचं, "ठीक आहे, जमा झाले की सामान न्या." नेट बँकिंगमध्ये पुढच्या तारखेचा व्यवहार लावून त्याचा पडदा दाखवायचा आणि नंतर तो रद्द करायचा, हेही घडतं.

चेकबद्दल काउंटरवरच्या माणसाने बोलायलाच हवं. चेक भरला की काही वेळा पासबुकात रक्कम दिसते, पण ती वापरता येण्याजोगी नसते. एकूण शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि आपण दुसरा बघायचा. चेक भरल्याच्या पावतीचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. चेक परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या, म्हणजे चेकच्या कायद्याच्या, कलम १३८ खाली बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, मग त्याला १५ दिवस मिळतात, मग कोर्ट. एका जुन्या स्कूटरसाठी हा फेरा कुणी मारू नये. चेक वटेपर्यंत वस्तू घरात ठेवा.

जास्त आलेले पैसे

"ताई, चुकून २,५०० ऐवजी २५,००० गेले. हॉस्पिटलमध्ये आहे, वरचे लगेच परत पाठवा ना." सोबत संदेश असतो, स्क्रीनशॉट असतो, कधी मागे रडण्याचा आवाजही असतो. खातं बघितलं तर बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं. म्हणजे आपण आपलेच २२,५०० पाठवायचे.

पण कधी कधी पैसे खरोखर आलेले असतात, आणि तेव्हा जास्त जपायला हवं. ते कुणाचे आहेत ते आपल्याला माहीत नसतं. अशा वेळी त्याने सांगितलेल्या दुसऱ्या नंबरवर किंवा खात्यावर एक रुपयाही पाठवू नका. "तुमच्या बँकेत अर्ज द्या, मीही माझ्या बँकेला कळवते," एवढं बोला, आणि त्याच दिवशी शाखेला लेखी कळवा. पैसे परत जायचे तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, बँकेमार्फत जातील.

दुसऱ्याचे पैसे तुमच्या खात्यात

या प्रकाराबद्दल फार कमी बोललं जातं, आणि यात विकणाऱ्याने कुठलीच चूक केलेली नसताना तो अडकतो.

समजा तुम्ही घणसोलीत राहता आणि लॅपटॉप विकताय. माणूस येतो, लॅपटॉप बघतो, तुमचा कोड घेतो. तुमच्या खात्यात ३०,००० रुपये खरोखर जमा होतात. उतारा बघितला, क्रमांक जुळला, लॅपटॉप दिला. चार दिवसांनी बँकेचा संदेश येतो की तुमच्या खात्यातली रक्कम गोठवली आहे. झालेलं असं असतं: त्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या कुणाला तरी नोकरीचं किंवा गुंतवणुकीचं आमिष दाखवलं आणि पैसे थेट तुमच्या खात्यात भरायला सांगितले. त्या बिचाऱ्याने तक्रार केली, पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत आला, आणि तिथल्या पोलिसांनी ती रक्कम गोठवली. लॅपटॉप घेऊन भामटा गेला. पैसे गेलेला माणूस आणि तुम्ही, दोघे एकमेकांकडे संशयाने बघत उरता.

याला उपाय एक, तोही साधा. दारात उभा असलेला माणूस आणि पैसे पाठवणारं नाव एकच असलं पाहिजे. "भावाच्या खात्यातून टाकतो", "शेठ पाठवतील" म्हटलं तर नाही म्हणा. नवरा-बायको, मुलगा-वडील असं असेल तर ज्याच्या खात्यातून आले त्याच्याशी आपण स्वतः फोनवर बोला आणि ते पावतीवर लिहा.

पावती कराच. वहीच्या कागदावर चालते. मी ही अशी लिहिते:

"आज दिनांक ____ रोजी मी ____ यांना वापरलेलं ____ (मेक, क्रमांक) रुपये ____ ला विकलं. रक्कम ____ यांच्या खात्यातून यूपीआयने, व्यवहार क्रमांक ____, माझ्या खात्यात जमा झाली. वस्तू पाहून, तपासून ताब्यात घेतली." खाली दोघांच्या सह्या, घेणाऱ्याचा फोन आणि पत्ता. ओळखपत्र मागायचं तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार पुरे, किंवा वाहन परवाना. आणि जाहिरात व बोलणं काढून टाकण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा.

खातं गोठलंच तर शाखेत जाऊन लेखी विचारा: तक्रारीचा क्रमांक काय, कुठलं पोलीस ठाणं, किती रक्कम गोठवली आहे. ही पावती, जाहिरात, गप्पांचे फोटो आणि उतारा त्या पोलीस ठाण्याला ईमेलने आणि टपालाने पाठवा, प्रत बँकेला द्या. आणि सगळं खातं बंद न ठेवता फक्त वादातली रक्कमच गोठवावी अशी विनंती करा. सुरुवातीला सांगितलेलं वेगळं खातं इथेही उपयोगी पडतं. गोठलं तरी घरखर्च अडत नाही.

सामान दाराबाहेर कधी

क्रम ठरलेला हवा: बघणं, पैसे, आपल्या उताऱ्यात खात्री, पावती, आणि मग उचलणं. हमालांनी कपाट लिफ्टपर्यंत नेलं की आपला धीर सुटतो. "आता कुठे परत ठेवायला सांगू," असं वाटतं, आणि तेवढ्यात हिरवी खूण दाखवली जाते.

ठाण्या-नवी मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये मोठं सामान बाहेर न्यायला गेटपास लागतो. एरवी कंटाळवाणं वाटणारं हे कुलूप इथे कामाला येतं. पासवर सही पैसे जमा झाल्याशिवाय करायची नाही, आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवायचं की माझ्या सहीशिवाय टेम्पो सोडू नका. घरात शक्यतो दोघं जण असा.

मोबाइल, घड्याळ, कॅमेरा असल्या छोट्या वस्तूंसाठी घरी बोलवायची गरज नाही. दिवसा, गर्दीच्या आणि कॅमेरे असलेल्या जागी भेटा: वाशी किंवा सीवूड्स स्टेशनालगतचे मॉल, ठाण्यात राम मारुती रोडवरचं एखादं हॉटेल. मोबाइल विकताना त्यातली यूपीआय आणि बँकेची ॲप आधी नोंदणी रद्द करून काढा, सिम काढा, खात्यातून बाहेर पडा आणि मग फोन पूर्ण कोरा करा. आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पावतीवर लिहा.

रोख पैसे घेत असाल तर मोठी रक्कम बँकेतच घ्या. दोघांनी शाखेत जायचं, पैसे मशीनमध्ये किंवा काउंटरवर आपल्या खात्यात भरायचे, खोटी नोट तिथेच कळते. २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, हे गाडी विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. गाडीच्या बाबतीत गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या देऊन ठेवू नका, गाडी ठाण्याची एमएच ०४ असो की नवी मुंबईची एमएच ४३. आधी पैसे जमा, मग सही, आणि आरटीओत नाव बदललं का त्याचा पाठपुरावा आपणच करायचा.

पैसे गेलेच तर

काकांनी पहिले दोन तास कुणालाच सांगितलं नाही. काकू ओरडतील, मुलगा "सांगितलं होतं ना" म्हणेल, याची लाज. पहिल्या तासात गेलेले पैसे पुढच्या खात्यात अजून पडलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. नंतर ते दहा खात्यांत फुटतात आणि एटीएममधून निघून जातात. घरातल्या कुणाचं असं झालं तर बोलणं नंतर करा, आधी फोन लावा.

फोन १९३० वर. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, तक्रार नोंदवली की पैसे पुढे ज्या ज्या बँकेत गेले तिथे ते अडवण्याची सूचना जाते. आपलं खातं, रक्कम, तारीख आणि वेळ, व्यवहार क्रमांक, समोरच्याचा नंबर आणि यूपीआय आयडी एका कागदावर लिहून मग फोन करा. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा. मिळालेला क्रमांक जपून ठेवा. दुसऱ्या फोनवरून आपल्या बँकेला कळवून यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग बंद करा. कुठलं ॲप टाकलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला नंबर घ्या.

दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्या कुणामुळे पैसे गेले आणि ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर तोटा येत नाही. पिन आपणच टाकला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला, कळवल्यानंतर काही गेलं तर तो बँकेचा. म्हणून अर्जावरची वेळ आणि शिक्का महत्त्वाचा. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही.

पोलिसांकडे जाताना हद्दीच्या काळजीत अडकू नका. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी आयुक्तालयं आहेत, कळव्यात राहणारा आणि ऐरोलीत राहणारा वेगवेगळ्या हद्दीत येतो. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्ह्याची खबर देता येते, ती नंतर योग्य ठाण्याकडे जाते. गप्पा, नंबर, क्यूआर कोडचा फोटो काहीही पुसू नका. रागाच्या भरात त्या माणसाला ब्लॉक करून बोलणं काढून टाकलं तर पुरावाच जातो.

अडवलेली रक्कम परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो, वेळ लागतो. काकांचे ८,५०० रुपये एका खात्यात अडले आणि काही महिन्यांनी परत आले. बाकीचे गेले. पण त्या काही महिन्यांत त्यांना आणखी दोन फोन आले. एक जण स्वतःला सायबर सेलचा म्हणवत होता, दुसरा वकील. तुमची तक्रार आमच्याकडे आहे, रक्कम मंजूर झाली आहे, फक्त २,००० रुपये प्रक्रिया शुल्क भरा. फसलेल्यांची यादी या लोकांकडेच असते, कारण फसवलेलं त्यांनीच असतं. पोलीस, १९३० आणि लोकपाल यांपैकी कुणीही पैसे परत देण्यासाठी यूपीआयने शुल्क मागत नाही. दुसऱ्या फोनवेळी काकांनी "नाव आणि ठाणं सांगा, मी तिथेच येतो," असं म्हटलं, आणि समोरून फोन कट झाला. तो नंबर त्यांनी त्याच दिवशी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवण्याच्या चक्षू या सुविधेत नोंदवला.